सडपातळ होण्याचा हिशेब

१५ जानेवारी २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्जने एका खाकी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला, ती चित्रफीत तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. आम्हा शिक्षकांना खाकी पाकिटाचे काय अप्रूप! बोर्डाच्या प्रश्नपत्रिका त्यातूनच यायच्या. पण त्यातून अख्खा संगणक निघेल असे मात्र कधी वाटले नव्हते.

तो पहिला एअर पुढच्या कडेला ४ मिलिमीटर आणि मागे १९.४ मिलिमीटर जाड होता. वजन १.३६ किलो, किंमत १७९९ डॉलर. एवढे पैसे मोजून यूएसबीची खाच एकच, सीडीचा कप्पा नाही, आणि आत आयपॉडमध्ये असायची तसली ८० जीबीची इवलीशी हार्ड डिस्क. माझे मत विचाराल तर ते दाखवायचे यंत्र होते, रोज वापरायचे नव्हे.

वापरायचा एअर आला तो ऑक्टोबर २०१० मध्ये. फिरणारी डिस्क गेली, तिच्या जागी फ्लॅश मेमरी आली, यूएसबीच्या खाचा दोन झाल्या आणि ११ इंची एअरची किंमत ९९९ डॉलरपर्यंत उतरली. त्यातला १३ इंची एअर आमच्या लेकीने घेतला होता. चार वर्षांनी तिने नवा घेतला, तेव्हा जुना आमच्याकडे आला. पूर्वी थोरल्याचे कपडे धाकट्याला यायचे, आता लेकीचे संगणक आईवडिलांना येतात!

त्यावर ह्यांनी आपल्या गावाच्या आठवणी लिहायला घेतल्या. गाव कोयनेच्या धरणात बुडालेले. कुणाचे घर कुठे होते, पाणवठा कुठे, जत्रेला पालखी कोणत्या वाटेने जायची, सारे दोन बोटांनी टकटक करत लिहायचे. पेन ड्राइव्हवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, त्यामुळे ते लिखाण दुसरीकडे कुठेही नव्हते. २०१९ मध्ये हे गेले. पुढे २०२१ च्या पावसाळ्यात खिडकीतून आलेल्या झडीने टेबल भिजले आणि लॅपटॉप सुरू होईना.

तापकीर गल्लीतल्या एका मुलाने तो उघडला. खालच्या स्क्रूंना पाच पाकळ्या, त्यांचा पान्हाही वेगळा. आतून त्याने च्युइंगगमच्या कांडीसारखी एक लांबट पट्टी उपसून काढली, दुसऱ्या एका डबीत खोचली, आणि त्याच्या पडद्यावर ह्यांची १४३ पाने उमटली. मी तिथल्या स्टुलावर बसून पहिले पान वाचले. तो मुलगा काही न बोलता दुसऱ्या कामाला लागला. शहाणा मुलगा.

आता माझ्याकडे २०२० चा एअर आहे, एम-१ चिपचा. ह्याच्यात पंखाच नाही. मांडीवर घेतला तरी भाजत नाही, आवाज नाही. पहिल्या एअरची बॅटरी कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणे ५ तास चालायची, ह्याची व्हिडिओ पाहिला तर १८ तास. खरी प्रगती मला इथे दिसते. वजनाचे म्हणाल तर २००८ चा १.३६ किलो आणि २०२२ पासूनचा १३ इंची १.२४ किलो. म्हणजे चौदा वर्षांत कमी झाले ते दोन मोठ्या लिंबांएवढे वजन! लेकीच्या नव्या लॅपटॉपला मी फूटपट्टी लावून पाहिली (मास्तरकी जात नाही). सगळीकडे सारखा ११.३ मिलिमीटर. २०१० च्या एअरची पुढची कड तर ३ मिलिमीटरचीच होती. डोळ्यांना जास्त सडपातळ तोच वाटायचा, ती उताराची करामत.

मधे २०१८ साली कळफलकसुद्धा चपटा केला होता. त्या कळा इतक्यांच्या अडकू लागल्या की कंपनीला फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली, आणि २०२० मध्ये पुन्हा खोल दबणाऱ्या कळा आल्या. माझ्या बोटांना त्याच बऱ्या.

पण ती पट्टी? रॅम तर पहिल्या एअरपासूनच बोर्डावर सोल्डर केलेली असे. २०१८ पासून साठवणही तशीच झाली, आणि वर तिचे कुलूप चिपशी बांधलेले. मी त्याच मुलाला मुद्दाम विचारले. म्हणाला, "काकू, ह्यातलं काही सुटं होत नाही. बोर्ड गेला की सगळं गेलं." कुलूप चोरापासून राखते हे मला मान्य आहे. पण मालक गेल्यावर मागे राहणाऱ्यांचा विचार त्यात कुणी केलेला मला दिसत नाही.

म्हणून दर शनिवारी मी सगळे लिखाण बाहेरच्या डिस्कवर उतरवते. जुनी पट्टी ह्यांच्या चष्म्याच्या डबीत ठेवली आहे. लेक म्हणते, आई, हा पण बदलूया आता. सध्या तरी नको म्हटले आहे. जत्रेच्या प्रकरणाची मुद्रिते तपासायची राहिली आहेत, आणि पालखीच्या वाटेबद्दल ह्यांच्या चुलतभावाचे म्हणणे वेगळे आहे. त्यांना फोन करायचा आहे.