शेपटीतली बॅटरी



गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे लेकाकडे कॅलिफोर्नियाला जाऊन आलो. तो आणि त्याचे तीन मित्र मिळून एक जुने चार आसनी सेस्ना विमान बाळगतात. आपल्याकडे भावाभावांत एक ट्रॅक्टर असतो ना, तसे! रविवारी मिस्सा आटोपून त्याच्याबरोबर हँगरवर गेलो, तर मेकॅनिक शेपटीकडचे झाकण उघडत होता. आत एक नारिंगी पेटी.

"पप्पा, हा बीकन. विमान आदळले की आपोआप चालू होतो आणि 406 मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक मारतो."

(आपल्या भागातल्या अशा हाका बेंगळुरूला, इस्रोच्या केंद्रात पोहोचतात.)

तिथला नियम असा, की बॅटरीचे निम्मे आयुष्य संपले, किंवा बीकन सगळा मिळून तासाभराहून जास्त चालला, की ती बदलायचीच. निम्मी शिल्लक असताना टाकून द्यायची? आम्ही वेदीवरच्या मेणबत्त्यांचे तुकडेही वितळवून वापरणारी माणसे. मेकॅनिकने समजावले, की अपघातानंतर बीकनने निदान 24 तास हाक मारत राहायला हवे, तेही बर्फात, आणि थंडीत बॅटरी आधीच हतबल होते.

1963 साली राल्फ फ्लोरेस आणि हेलन क्लाबेन यांचे छोटे विमान कॅनडातल्या युकॉनच्या रानात कोसळले. तेव्हा असे बीकन नव्हते. शोध थांबला, तरी ती दोघे 49 दिवस जगली. अन्न संपल्यावर बर्फ वितळवून पीत होती, सोबत बायबल वाचत होती. शेवटी बर्फात तुडवून उमटवलेली अक्षरे एका वैमानिकाला दिसली. अमेरिकेत बहुतेक खाजगी विमानांना बीकन सक्तीचा झाला तो पुढे 1970 च्या दशकात.

पेटीवरची तारीख आम्ही वाचली. ती उलटून दोन महिने झाले होते. त्या दोन महिन्यांत लेक सिएरा पर्वत दोनदा ओलांडून आला होता.

"प्रत्येकाला वाटले, दुसऱ्याने पाहिले असेल," तो खाली मान घालून म्हणाला.

त्याची आई काही बोलली नाही. बोलायला तोंडच नव्हते आम्हांला. बेळगावात आमच्या सेवकगटाचा एक मोबाइल आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांनी अडचणीत त्यावर फोन करायचा. मागच्या पावसाळ्यात एक मावशी न्हाणीघरात पडल्या. त्यांनी तीनदा फोन लावला. मोबाइल सॅक्रिस्टीच्या कपाटात, चार्जिंगविना बंद. पाळी आमची होती. शेजारणीने आवाज ऐकला म्हणून निभावले, पण ही गोष्ट आम्ही फादरांनाही सांगितली नव्हती. दहा कुमारींच्या दृष्टांतावर त्याच महिन्यात आम्ही प्रार्थनासभा घेतली होती, हे विशेष.

त्या हँगरमध्ये ती पहिल्यांदा लेकाला सांगितली. मेकॅनिकने नवी बॅटरी बसवली, पुढची तारीख पेटीच्या बाहेर ठळक लिहिली, विमानाच्या नोंदवहीतही लिहिली.

परतल्यावर आधी फादरांकडे गेलो, मग मावशींकडे. त्यांना इतके दिवस वाटत होते, की आम्ही मुद्दाम फोन उचलला नाही. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग उठून भिंतीवरचा कागद काढला आणि म्हणाल्या, "नंबर जरा मोठ्या अक्षरांत लिहून द्या, बाळांनो. चष्मा नसला की दिसत नाही."