काजळी फासलेला हबशी आणि भातोडीचा मलिक अंबर

शाळेच्या स्नेहसंमेलनाचे दिवस होते. आमचा नातू सातवीत. त्या संध्याकाळी दप्तर कोपऱ्यात टाकून तो मोरीत शिरला, तो बराच वेळ बाहेर आलाच नाही. त्याच्या आजीने दोनदा हाक मारली. तेव्हा तोंड साबणाने घासघासून, गाल सोलवटून घेऊन बाहेर आला.

"काय झालं रं बाळा?" आजीने विचारले.

"काही नाही."

जेवताना हळूहळू सगळे कळले. संमेलनात पन्हाळ्याच्या वेढ्याचे नाटक बसवले होते. सिद्दी जौहरच्या मागे भाले घेऊन उभे राहणारे चार हबशी शिपाई हवे होते. चार पोरे निवडली. तिघांच्या तोंडाला काजळी फासायचे ठरले. चौथा आमचा नातू. त्याला सर म्हणाले, "तुला काजळीची गरज नाही. तू असाच उभा राहा." सारा वर्ग हसला.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. राग सरांचा होताच. पण अंथरुणावर पडल्या पडल्या ध्यानात आले, की हा हबशी त्या सरांनी काही स्वतःच्या डोक्यातून काढलेला नाही. तो त्यांना आयता मिळाला आहे. आणि तो आम्हालाही मिळाला होता. तरुणपणी वाचनालयातून आणून आम्ही ज्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचल्या, त्यांत हबशी भेटायचा तो बहुधा दोनच रूपांत. एक तर कोळशासारखा काळा, लालबुंद डोळ्यांचा, बायाबापड्यांवर तुटून पडणारा राक्षस. नाही तर मालकाच्या दारात नंगी तलवार घेऊन उभा असलेला, मालकाने सांगितले तर जीव देणारा मुका पहारेकरी. त्याला आई नसते. बायको-लेकरे नसतात. त्याला गाव आठवत नाही. तो विचार करीत नाही. लेखक त्याच्या कातडीचे वर्णन दोन-दोन ओळी करतो आणि मनाला अर्धी ओळही देत नाही. असली नाटके बघताना आम्हीही टाळ्या वाजवल्या आहेत, हे कबूल केले पाहिजे.

१९८३ साली 'रझिया सुलतान' हा चित्रपट आला. त्यात याकूत नावाचा हबशी गुलाम आहे. त्याची भूमिका धर्मेंद्रने केली, तीही तोंडाला काळा रंग लावून. म्हणजे कोट्यवधी रुपयांच्या चित्रपटात जे झाले, तेच आमच्या नातवाच्या शाळेत काजळीवर भागवले गेले, एवढाच फरक!

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत काळ्या माणसांची गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, पण गोष्टीतली गुलामगिरी संपली नाही. १९०५ साली थॉमस डिक्सन या गोऱ्या लेखकाने 'द क्लॅन्समन' ही कादंबरी लिहिली. तिच्यावरून १९१५ साली 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा चित्रपट निघाला. त्यात काळा पुरुष म्हणजे गोऱ्या स्त्रीच्या मागे लागलेला पशू असे दाखवले आणि अशा मुख्य भूमिका तोंडाला काळे फासलेल्या गोऱ्या नटांनी केल्या. त्या चित्रपटानंतर कू क्लक्स क्लान ही काळ्यांचे मुडदे पाडणारी संघटना पुन्हा उभी राहिली. गोष्ट ही नुसती गोष्ट नसते, ती अशी माणसाच्या जिवावर उठू शकते.

दुसरे रूप इमानी गुलामाचे. १८५२ साली हॅरिएट बीचर स्टोव या बाईंनी 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी गुलामगिरीच्या विरोधात लिहिली. तिच्यातला टॉम मालकाच्या हुकुमावरून एका गुलाम बाईला फटके मारायला नकार देतो. पळून गेलेल्या दोन बायांचा ठावठिकाणा सांगत नाही आणि त्यापायी मार खाऊन मरतो. केवढा धैर्याचा माणूस! पण नाटकवाल्यांनी रंगमंचावर त्याचा लाचार, वाकलेला म्हातारा करून टाकला. पुढे 'अंकल टॉम' ही काळ्या लोकांत शिवी झाली. आणि १८३१ साली व्हर्जिनियात गुलामांचे बंड करणारा नॅट टर्नर? विल्यम स्टायरन या गोऱ्या लेखकाने १९६७ साली त्याच्यावर कादंबरी लिहिली, तिला मोठे पारितोषिकही मिळाले. पण त्या बंडखोराच्या मनात लेखकाने एका गोऱ्या मुलीची वासना भरली. दुसऱ्याच वर्षी दहा काळ्या लेखकांनी मिळून त्याला पुस्तकरूपाने उत्तर दिले. आमच्या माणसाला बंड करायला गुलामगिरी पुरेशी नव्हती काय, हा त्यांच्या संतापाचा गाभा होता.

आता आपल्या जिल्ह्यात या. नगर तालुक्यात भातोडी नावाचे गाव आहे. १६२४ साली तिथे मोठी लढाई झाली. एका बाजूला मोगल आणि आदिलशहा यांच्या एकवटलेल्या फौजा, दुसऱ्या बाजूला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. अंबरने तळ्याचा बांध फोडून शत्रूच्या तळाचा चिखल करून टाकला आणि लढाई जिंकली. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी त्या रणात पडले.

हा मलिक अंबर कोण? इथिओपियात जन्मलेला हबशी. मूळ नाव चापू असे सांगतात. लहानपणीच त्याला विकले. अरबस्तान, बगदाद असा बाजार-बाजार फिरत तो निजामशाहीत आला. इथे त्याला पेशवा चंगेजखानाने विकत घेतले, आणि हा चंगेजखान स्वतःही हबशीच! मालक मेल्यावर अंबर मोकळा झाला. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला तेव्हा सर्वांना वाटले, निजामशाही संपली. या एकेकाळच्या गुलामाने ती पुढे पाव शतक उभी ठेवली. जमिनीची प्रत पाहून सारा बसवला. खडकी नावाचे शहर वसवले आणि त्याला नहर बांधून पाणी दिले. १६२६ साली म्हातारा होऊन तो मेला. तो संत नव्हता. राजकारणात त्याने विरोधक संपवले, स्वतःही गुलाम बाळगले. पण तो माणूस होता. डोके असलेला, घरदार असलेला, चुका करणारा पुरा माणूस. नेमका हाच माणूस आम्ही वाचलेल्या कादंबऱ्यांत सापडला नाही.

त्याच्याविषयीची पहिली खोटी ऐतिहासिक कथा तर तो जिवंत असतानाच रचली गेली, आणि ती शब्दांत नव्हे, चित्रात. बादशहा जहांगीर त्याला काळतोंड्या म्हणून शिव्या घालत असे. सुमारे १६१६ साली जहांगीरच्या दरबारातल्या अबुल हसन या चित्रकाराने एक चित्र काढले. त्यात मलिक अंबरचे तोडलेले मुंडके भाल्यावर खोचले आहे आणि बादशहा त्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात जहांगीरला ते मुंडके कधीच मिळाले नाही! रणात जमले नाही ते रंगाने करून घेतले. आज ते चित्र डब्लिनच्या संग्रहालयात आहे. ज्याला हरवता येत नाही त्याला चित्रात, नाटकात, कादंबरीत मारायचे, ही रीत अशी जुनी आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, इथवर दुसऱ्यांना बोलणे सोपे होते. आता आपल्या घरातली एक गोष्ट काढतो. आमचे आजोबा अमृतनाकाची कथा सांगायचे. बिदरच्या बादशहाच्या बेगमेला शत्रूने पळवले. अमृतनाक महार तिला सोडवायला निघाला. निघताना बादशहाकडे एक बंद डबी ठेव म्हणून दिली. बेगमेला सुखरूप आणल्यावर लोकांनी संशय घेतला. तेव्हा डबी उघडली, तर निघण्याआधीच त्याने आपले पुरुषत्व कापून तिच्यात ठेवलेले! बादशहा प्रसन्न झाला आणि महारांना बावन्न हक्क मिळाले. ही दंतकथा आजोबा छाती फुगवून सांगत आणि आम्ही अभिमानाने ऐकत असू. आज तिचा अर्थ लावताना अंगावर काटा येतो. आमच्या पुरुषाने शौर्य गाजवले तरी ते पुरेसे नाही. त्याने आधी स्वतःला कापून दाखवावे, मगच तो विश्वासाचा! म्हणजे अमेरिकेच्या कादंबरीतला वासनांध काळा आणि आमच्या कथेतला डबीवाला अमृतनाक, या एकाच संशयाच्या दोन बाजू आहेत.

आजोबांची आणखी एक आठवण आहे. पाटलाच्या वाड्यापुढे ते "जोहार मायबाप" म्हणत कमरेत वाकत, शब्द तोडून तोडून बोलत. घरी आले की ताठ बसून पाटलाची अशी नक्कल करीत, की आजी हसून हसून बेजार होई. आम्हाला वाटे, हे दोन वेगवेगळे आजोबा आहेत. २०२४ साली पर्सिव्हल एव्हरेट या काळ्या लेखकाची 'जेम्स' ही कादंबरी आली. मार्क ट्वेनच्या जुन्या कादंबरीतला गुलाम जिम त्यात स्वतःच बोलतो. गोऱ्यांपुढे तो मुद्दाम मोडके-तोडके बोलतो, कारण शहाणा गुलाम मालकाला सहन होत नाही. आपल्या माणसांत तो नीट बोलतो, वाचतो, विचार करतो. तिच्याविषयी वाचले तेव्हा आम्हाला आजोबा समजले. वाकलेले ते सोंग होते. ताठ बसलेले ते खरे आजोबा. पण पाटलाने जर कादंबरी लिहिली असती, तर त्याने कोणते आजोबा लिहिले असते?

म्हणूनच महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, तेव्हा ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ साली काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतले ते तिकडूनच. हे नाते रंगाचे नाही. दुसऱ्याने लिहिलेल्या गोष्टीत अडकलेल्या माणसांचे आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेत गेलो. भांडायला नव्हे. सर म्हणाले, "बाबा, गंमत केली हो, मनात काही नव्हतं." आम्ही म्हणालो, "सर, मनात नव्हतं हे खरं. म्हणूनच आलो. आता मनात घ्या." आणि त्यांना एक गोष्ट सांगितली, जी त्यांच्या नाटकात नव्हती. १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर हबशी होता हे खरे. पण तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर जो सरदार धावून गेला, तो सिद्दी हिलाल, तोही हबशीच. आणि त्याच्याबरोबर त्याचा मुलगा वाहवाह होता, जो त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. शिवाजी महाराजांसाठी एका हबशी बापाने आपला पोरगा रणात घातला. मग हबशी फक्त एकाच बाजूला का उभा करता?

सर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही."

नाटक बदलायला वेळ नव्हता. संमेलनाच्या रात्री तिघांच्या तोंडाला काजळी होतीच. पण निवेदनात दोन वाक्ये वाढली होती, सिद्दी हिलालची आणि त्याच्या मुलाची. ती आमच्या नातवाने म्हटली. भाला खाली ठेवून, पुढे येऊन, मोठ्या आवाजात. कुणी हसले नाही. टाळ्याही फार पडल्या नाहीत. आम्हाला तेवढे पुरले.

उन्हाळ्यात आम्ही वेरूळची बौद्ध लेणी पाहायला गेलो. तिथून खुलताबाद अगदी जवळ. मलिक अंबरची कबर तिथे आहे. नातवाला घेऊन तिथे थोडा वेळ उभे राहिलो. मग संभाजीनगरला नागसेनवनात गेलो. १९५० साली बाबासाहेबांनी आपल्या मुलांसाठी तिथे मिलिंद महाविद्यालय काढले. आम्ही नातवाला म्हणालो, "हे शहर पूर्वी खडकी होतं. ते वसवलं बाजारात विकल्या गेलेल्या एका पोरानं. आणि त्याच शहरात बाबासाहेबांनी, ज्यांना पाण्याला शिवू देत नव्हते, त्यांच्या पोरांसाठी कॉलेज काढलं."

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, यावर नाटक का नाही?"

आया-बहिणींनो, हा प्रश्न तुमच्याही घरात येऊ द्या. लेकरू पुस्तक वाचत असेल, टीव्हीवर ऐतिहासिक मालिका बघत असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि विचारा: या काळ्या माणसाला आई आहे का? तो कधी स्वतःच्या मनाने काही करतो का? ही गोष्ट कुणी लिहिली? तीन प्रश्न पुरेत. आणि उत्तर "नाही" आले, तर लेकराच्या हातात वही-पेन्सिल द्या. आपल्या माणसाची गोष्ट आपणच लिहायची आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!