सायरन वाजेपर्यंत

निकालाच्या रात्री होस्टेलचा आवाज बदलतो. एरवी बारा वाजेपर्यंत कॉरिडॉरमध्ये क्रिकेट चालू असतं, कुणीतरी बादली वाजवत असतं, कुठल्या तरी खोलीतून मॅगीचा वास येत असतो. त्या रात्री मात्र अर्ध्या खोल्यांत पार्टी आणि अर्ध्या खोल्यांत अंधार. रेक्टर म्हणून मी साडेअकराला राउंडला निघालो, तर दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात सेकंड इयरचा एक मुलगा बसलेला. ईयर डाऊन. मी शेजारी बसलो. काही बोलणार तेवढ्यात तोच म्हणाला, "सर, प्लीज, पॉझिटिव्ह वगैरे काही सांगू नका. सकाळपासून सगळे तेच सांगतायत."

खरं सांगायचं तर मी तेच सांगणार होतो. तोंडातलं वाक्य गिळलं आणि त्याऐवजी त्याला एका हरणाऱ्या टीमची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितोय, कारण त्या जिन्यात दरवर्षी कुणी ना कुणी बसलेलं असतंच.

२०१३ च्या फेब्रुवारीत मी मास्टर्स करायला मेलबर्नला गेलो. शैक्षणिक कर्ज काढलेलं, जामीन म्हणून बाबांची सही. प्रेस्टन नावाच्या उपनगरात चौघांत मिळून एक घर भाड्याने घेतलं होतं. शेजारी साठीतले एक गृहस्थ एकटेच राहायचे. ट्रामच्या वर्कशॉपमध्ये जन्मभर फिटर होते. ते मला 'मेट' म्हणायचे, मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणायचो. इथेही काकाच म्हणतो. मी मेकॅनिकलवाला आहे हे कळल्यावर आमची गट्टी जमली. एके दिवशी म्हणाले, "फुटीला येतोस का? माझ्या मित्राने वैतागून यायचं सोडलंय, एक सीट रिकामी असते."

'फुटी' म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. आपल्याला माहीत असलेल्या फुटबॉलशी याचा फारसा संबंध नाही. अंडाकृती मैदान, अंडाकृती बॉल, एका बाजूला १८ खेळाडू, चार क्वार्टर. बॉल हातात धरून पळायचं, पायाने मारायचा. दोन उंच खांबांच्या मधून पायाने मारून घालवला तर गोल, ६ गुण. त्यांच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन बुटके खांब असतात. नेम चुकला आणि बॉल त्या बाजूच्या जागेतून गेला, तर त्यालाही १ गुण! त्याला 'बिहाइंड' म्हणतात. थोडक्यात चुकलेल्याला गुण देणारा खेळ मी पहिल्यांदाच पाहत होतो. आपल्या परीक्षा विभागाने याचा जरूर अभ्यास करावा.

काकांची टीम मेलबर्न, म्हणजे 'डेमन्स'. या खेळाचे पहिले नियम १८५९ मध्ये याच क्लबच्या मंडळींनी लिहिले. एकेकाळी दबदबा होता, पण शेवटचं विजेतेपद १९६४ चं. तेव्हा काका शाळेत होते.

माझी पहिली मॅच एप्रिल २०१३ मधली, हंगामाची दुसरी फेरी, समोर एसेंडन. प्रेस्टनहून ट्रेनने जॉलिमॉन्टला उतरलो आणि समोर एमसीजी! बॉक्सिंग डे टेस्टसाठी पहाटे उठून टीव्हीवर पाहिलेलं ते मैदान. मी हरखून गेलो. पुढचे दोन-अडीच तास मात्र जे चाललं होतं त्याला मॅच म्हणणं अवघड आहे. १८४ विरुद्ध ३६. आम्ही १४८ गुणांनी हरलो. आधीच्या फेरीत ७९ ने हरलो होतो, म्हणजे प्रगती उलट्या दिशेने चालू होती. आमच्या आजूबाजूच्या खुर्च्या कधीच्या रिकाम्या झाल्या होत्या. काका जागचे हलले नाहीत. शेवटचा सायरन वाजला, तसं त्यांनी कोटाच्या खिशातून एक छोटी वही काढली आणि काहीतरी लिहिलं.

ट्रेनमध्ये मी विचारलं. दर मॅचनंतर टीमबद्दलच्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, असा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. मला हसू आलं. १४८ ने हरल्यावर कसल्या चांगल्या गोष्टी? ते म्हणाले, नियम आहेत. एक, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचं. दोन, 'पुढच्या वर्षी' हे शब्द वापरायचे नाहीत. तीन, अंपायर, पाऊस आणि नशीब यांची नावं काढायची नाहीत. तीन गोष्टी सापडल्या नाहीत तर दोन, दोन नाहीत तर एक. खोटी ओळ मात्र लिहायची नाही. "मग आज काय लिहिलं?" त्यांनी वही पुढे केली. एकच ओळ होती. 'सायरन वाजेपर्यंत बसलो.'

म्हणाले, "आज एवढंच खरं आहे."

त्यानंतर मी जमेल तेव्हा त्यांच्याबरोबर जायला लागलो. चौथ्या फेरीत ग्रेटर वेस्टर्न सिडनीविरुद्ध तीन क्वार्टरनंतर आम्ही मागे होतो आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये एकदम १२ गोल मारून ४१ गुणांनी जिंकलो. त्या दिवशी तीन ओळी भराभर झाल्या. मग पुन्हा पराभवांची रांग. जूनमध्ये प्रशिक्षक मार्क नील्ड यांना काढलं, नील क्रेग हंगामी म्हणून आले आणि महिनाअखेरीस वेस्टर्न बुलडॉग्जना आम्ही ३ गुणांनी हरवलं. हंगामातला दुसरा विजय. आणि शेवटचाही! २२ पैकी २ जिंकल्या. १८ टीम्समध्ये १७ वा नंबर. १८ वी ग्रेटर वेस्टर्न सिडनी. त्यांनी वर्षभरात एकच मॅच जिंकली, ऑगस्टमध्ये, कॅनबेरात. कुणाविरुद्ध? अर्थात आमच्याविरुद्ध! ती मॅच आम्ही काकांच्या घरी टीव्हीवर पाहिली. त्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'समोरच्या पोरांना वर्षात पहिल्यांदा जिंकताना पाहिलं.'

या लीगमध्ये खालच्या नंबरच्या टीमला नवे खेळाडू निवडायचा मान आधी मिळतो. त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्यामुळे 'हरतोय ते बरंच, चांगला पोरगा मिळेल' असं म्हणणारेही भेटायचे. काकांना त्याची चीड होती. २००९ च्या हंगामातल्या प्रकारांच्या चौकशीनंतर लीगने त्याच फेब्रुवारीत क्लबला ५ लाख डॉलर दंड केला होता. क्लब मुद्दाम हरला असा ठपका ठेवला नव्हता, पण काकांना व्हायचा तो मनस्ताप झाला होता. "हरण्यातला फायदा वहीत लिहायचा नसतो," ते म्हणायचे, "न हरलेला भाग लिहायचा असतो."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. जुलैमध्ये कळलं.

जुलैमध्ये माझा पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला. चार विषयांपैकी दोन नापास. कॉलेजात इथे डिस्टिंक्शन मिळवलेला मी! घरी फोनवर सांगितलं, "निकाल अजून लागायचाय." पुढच्या रविवारीही तेच सांगितलं. बाबा म्हणाले, "तिकडे उशीर लागत असेल." जामीनदाराच्या रकान्यातली त्यांची सही रात्रभर डोळ्यांसमोर होती. तिकीट काढून परत जावं, असंही दोन-तीनदा मनात आलं.

काकांना बहुधा चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी सल्ला दिला नाही. एक कोरी वही दिली आणि म्हणाले, "नियम तुला माहीत आहेत."

मी पहिली ओळ लिहिली, 'पेपर फार कठीण होता.' खोडली, तो पाऊस झाला. दुसरी लिहिली, 'पुढच्या सेमिस्टरला नक्की.' तीही खोडली. तासभर कोरं पान. मग एकेक करून आलं. 'लॅबचे सगळे रिपोर्ट वेळेवर दिले.' 'फायनाइट एलिमेंटमध्ये पास व्हायला ५० लागतात, मला ४३ पडले. पहिले दोन प्रश्न पूर्ण बरोबर होते.' तिसरी ओळ 'ट्युटोरियलला जाऊन शंका विचारल्या' अशी लिहायला गेलो आणि पेन थांबलं. कारण ते खोटं होतं. इंग्रजी फाडफाड येत नाही म्हणून लाजेने मी एकदाही तोंड उघडलं नव्हतं. दोन्ही नापास विषय नेमके ट्युटोरियलवाले!

मित्रांनो, मोडलेला शाफ्ट तपासताना आपण तडा कुठून सुरू झाला ते बघतो. पण कुठला भाग शाबूत राहिला हेही बघतो, कारण त्यावरूनच कळतं की भार नेमका कुठे वाढला. माझ्या वहीने तेच केलं. धीर दिला नाही, बिघाडाची जागा दाखवली. 'सगळं संपलं' हे वाक्य जितकं खोटं, तितकंच 'सगळं छान होईल' हेही खोटं. दोन खोट्यांच्या मध्ये दोन-तीन खऱ्या ओळी असतात, त्या शोधायला कष्ट पडतात.

त्या रात्री तिसरी ओळ अशी झाली : 'बाबांना खरं सांगितलं.' फोनवर बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "बरं. मग आता काय करायचं ठरवलंयस?" मी ट्युटोरियलला जायचं ठरवलं होतं. तेवढंच सांगितलं. दोन्ही विषय पुढच्या वर्षी सुटले, एक काठावर.

त्या टीमचं पुढे काय झालं? २०१४ पासून पॉल रूस प्रशिक्षक झाले. विजयांचा आकडा २ वरून ४, मग ७, मग १०. २०१७ मध्ये सायमन गुडविन यांच्या हाताखाली १२. त्या वर्षी फायनल्समधली जागा टक्केवारीवर हुकली, फक्त अर्ध्या टक्क्याने. ही टक्केवारी म्हणजे वर्षभरात आपण केलेले गुण भागिले प्रतिस्पर्ध्यांनी केलेले गुण, गुणिले १००. म्हणजे हरलेल्या मॅचमध्येही शेवटी मारलेला गोल हिशोबात धरला जातो. २०१९ मध्ये पुन्हा घसरगुंडी, ५ विजय, पुन्हा १७ वा नंबर. आणि २५ सप्टेंबर २०२१ ला ग्रँड फायनल! कोविडमुळे ती मेलबर्नऐवजी पर्थला झाली. मी इथे आपल्या रिकाम्या होस्टेलमध्ये दुपारी मोबाइलवर स्कोअर बघत होतो. समोर बुलडॉग्ज. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही १९ गुणांनी मागे पडलो, आणि शेवटी १४० विरुद्ध ६६ असे जिंकलो. ५७ वर्षांनी. २०१३ च्या त्या हंगामात खेळलेले मॅक्स गॉन, जॅक वाइनी आणि टॉम मॅकडोनाल्ड त्या दिवशी मैदानात होते. गॉन तर कॅप्टन.

मेलबर्नमध्ये तेव्हा लॉकडाऊन होता. ५७ वर्षं वाट पाहिलेली मॅच काकांनी घरात एकट्याने टीव्हीवर पाहिली. रात्री त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. पहिल्या दोन ओळी मॅचच्या होत्या. तिसरी होती, 'नेथन जोन्स.'

जोन्स २००६ पासून या टीममध्ये. सगळे वाईट हंगाम त्याने पाहिले. २०१२, २०१३ आणि २०१४, अशी ओळीने तीन वर्षं तो क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ३०२ मॅचेस खेळला. आणि त्या फायनलमध्ये तो नव्हता. त्या हंगामात टीममधली जागा गेली होती, आणि बायकोला जुळं व्हायचं होतं म्हणून तो आधीच मेलबर्नला परतला होता. त्याच वर्षी निवृत्त झाला.

जिन्यातला मुलगा इथवर गप्प ऐकत होता. आता म्हणाला, "सर, म्हणजे जोन्सला मिळालंच नाही ना?"

"नाही मिळालं," मी म्हणालो. यावर मला गोड उत्तर माहीत नाही. कष्ट करणाऱ्याच्याच हातात कप येतो असं मी सांगितलं असतं, तर तो उठून गेला असता, आणि योग्यच केलं असतं त्याने. एवढंच म्हणालो, "पण जोन्स त्या वर्षांत जे खेळला, ते खोटं होतं असं कुणी म्हणू शकत नाही. काकांनी ते पाहिलं होतं. लिहिलंही होतं."

तो काही बोलला नाही. खोलीतून जर्नलचं एक कोरं पान आणून मी त्याला दिलं आणि तीन नियम सांगितले. या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. परवा विचारलं, तर म्हणाला, "एकच ओळ झालीय सर, दाखवणार नाही." मी आग्रह केला नाही.

मधल्या काळात तो दोन दिवस मेसमध्ये जेवायला आला नव्हता. काल रात्री आला. शेवटच्या पंगतीत बसला, आमटी मागून घेतली, ताट धुऊन ठेवलं.

ही माझ्या वहीतली या आठवड्याची ओळ. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली.