सवाल-जवाबाची शिकवण

तुमसरच्या आसपासच्या गावांत दिवाळी सरली की मंडईची जत्रा भरते. लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, पाव्हण्यारावळ्यांनी घर भरलेलं असतं आणि त्या दिवशी शाहिरांची दुय्यम खडी गंमत ठरलेली असते. दुय्यम म्हणजे दोन शाहीर, समोरासमोर. वाद कसा घालावा याचे पहिले धडे मला तिथं मिळाले.

एक पार्टी तुऱ्याची, ती शिवाला थोर मानते. दुसरी कलगीची, ती शक्तीला. एक शाहीर पुराणातला अवघड सवाल टाकतो. दुसऱ्यानं त्याचा जवाब गाण्यातच द्यायचा आणि वर आपला सवाल चढवायचा. जवाब जुळवताना शाहीर डोळे मिटून समोरच्याची शेवटची ओळ ओठांत घोळवायचा. तोवर ढोलकीवाला ठेका धरून त्याला सवड द्यायचा. समोरच्याचं नीट ऐकल्याशिवाय जवाब बसतच नाही, हे मला त्या ओठांकडे बघून कळलं. शिव मोठा की शक्ती, हा झगडा कित्येक पिढ्या चालू आहे आणि त्याचा निकाल लागावा, असं कुणालाच वाटत नाही.

शाळेत वादाचं ‘डिबेट’ झालं. बाजू चिठ्ठी उचलून ठरायची, घंटी वाजली की थांबायचं, ‘विनर’ला ढाल मिळायची. चारचौघांत उभं राहून बोलायचं बळ त्या स्पर्धांनी दिलं, ते ऋण मी मानतो. पण तिथं दुसऱ्याचं ऐकायचं ते खोडून काढण्यापुरतंच. कॉलेजात न्यायसूत्रांची ओळख झाली, तेव्हा यातला फरक उलगडला. सूत्रकार गौतमांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व कळावं म्हणून चालतो तो वाद, काहीही करून जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचं काही न मांडता दुसऱ्याचं नुसतं पाडत राहायचं, ती वितंडा.

हारजीत आणि वाद यांतलं अंतर आमच्या भंडारा जिल्ह्यानं फार जवळून पाहिलं आहे. हिंदूंच्या विवाह-वारशाचे नियम बदलू पाहणारं हिंदू कोड बिल रखडलं म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये कायदेमंत्रिपद सोडलं. १९५२ मध्ये मुंबईत ते लोकसभेला हरले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले, तिथंही काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. ज्यांनी देशाच्या राज्यघटनेच्या कलमाकलमावर संविधान सभेत उत्तरं दिली, त्यांना आम्ही मतं कमी दिली. पण १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा वारसा कायदा त्यांच्याच मांडणीच्या पायावर उभे राहिले. माणूस हरला, म्हणणं टिकलं. आज घटस्फोट मागणारी किंवा बापाच्या मिळकतीत वाटा मागणारी लेक त्या टिकलेल्या म्हणण्याच्या आधारावर उभी असते.

म्हणून वक्तृत्वाची तयारी करायला मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा मी एक नियम पाळायला लावतो. आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं. ‘हो, मला हेच म्हणायचं होतं,’ असं तो म्हणाला, की मगच आपला जवाब. मुलं सुरुवातीला कुरकुरतात, मग रंगून जातात. ढाल कुणाला तरी मिळतेच. पण दुसऱ्याचं पुरतं ऐकून आपलं म्हणणं न सोडणारी माणसं गावोगावी लागतात, आणि ती घडवावी लागतात.