रिकाम्या पुंगळीची साक्ष

परभणीवरून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग निजामाच्या राज्यात साधारण १९००च्या सुमारास सुरू झाला. त्याच सुमारास बेल्जियममधील एफएन कारखान्याने जॉन ब्राउनिंग या अमेरिकी संशोधकाच्या आराखड्यावरून बनवलेले स्वयंभरणी पिस्तूल बाजारात आणले. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. मात्र दशक संपण्यापूर्वी एका तरुणाच्या चरित्रात दोन्ही एकत्र आल्या. अनंत लक्ष्मण कान्हेरे औरंगाबादला शिकत होता. तेथून रेल्वेने नाशिकला जायचे तर वाट याच मार्गाने मनमाडवरून जाई. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात त्याने कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून.

या घटनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पिस्तुलावर मात्र कोणी फारसे थांबत नाही. वस्तुतः रिव्हॉल्व्हरकडून पिस्तुलाकडे झालेले हे स्थित्यंतर इतिहासाच्या अभ्यासकाला महत्त्वाचे वाटायला हवे. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी सुटल्यानंतर काडतुसाची रिकामी पुंगळी फिरत्या चक्रातच राहते आणि झाडणारा ती आपल्याबरोबर घेऊन जातो. स्वयंभरणी पिस्तूल प्रत्येक गोळीगणिक एक पुंगळी बाहेर टाकते आणि ती घटनास्थळी पडून राहते. पुढच्या काळातील अनेक खटल्यांना या फरकाने आधार पुरवला.

ही पुंगळी बाहेर कशी पडते? गोळी सुटताना बंदुकीच्या दारूचा वायू जसा गोळीला पुढे ढकलतो, तसाच तो पुंगळीला मागे रेटतो. साध्या रचनेच्या पिस्तुलात पुंगळीच्या मागे असते ती केवळ स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, आणि तिला पुढे दाबून धरणारी स्प्रिंग. स्लाइड मागे जाते. एक्स्ट्रॅक्टर नावाचा बारीक आकडा पुंगळीची कड धरून तिला मागे आणतो. मग तिची दुसरी बाजू इजेक्टर या स्थिर खुंटीवर आपटते आणि पुंगळी उडून बाहेर पडते. परतताना स्लाइड मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत सारते. डोळ्याची पापणी लवेपर्यंत हे सारे उरकते, आणि बिघाडाला जागाही याच क्षणात असते.

हात बदलत आलेल्या जुन्या पिस्तुलाचा नेहमीचा आजार म्हणजे पुंगळी पूर्ण बाहेर न पडणे. ती स्लाइडच्या फटीत उभी अडकते. इंग्रजी बोलणारे नेमबाज तिला चुलीच्या धुराड्याची उपमा देतात. कारणे अनेक असतात: आकड्याची धार झिजलेली, चेंबरमध्ये जळक्या दारूचा थर साचलेला, स्प्रिंग बदलून कोणी अधिक ताठ बसवलेली, किंवा काडतूसच जुने व दमट, त्यामुळे स्लाइड पुरेशी मागे जात नाही. मॅगझिनच्या वरच्या कडा वाकल्या असतील तर नवे काडतूस तिरपे चढते आणि दोष मात्र बिचाऱ्या इजेक्टरला लागतो. धरणाऱ्याचे मनगट सैल असले तरी हाच प्रकार घडतो. म्हणून जाणकार कारागीर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहतो. आधी काडतुसे, मग मॅगझिन, मग साफसफाई, आणि अखेरीस सुटे भाग. सगळे एकदम बदलणाऱ्याला मूळ दोष कधीच कळत नाही.

नाशिकचे पिस्तूल तसे नवे होते. सेडिशन कमिटीच्या १९१८च्या अहवालानुसार विनायक दामोदर सावरकरांनी फेब्रुवारी १९०९मध्ये पॅरिसहून २० ब्राउनिंग पिस्तुले मिळवली आणि इंडिया हाउसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या दुहेरी तळात लपवून ती मुंबईला पाठवली. कान्हेरे जागीच पकडला गेल्याने त्या वेळी पुंगळ्यांवर काही सिद्ध करण्याची गरज पडली नाही. पिस्तूलच हाती लागले होते, आणि ते त्या वीसांपैकी एक ठरले. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

जुन्या शस्त्राच्या बिघाडाची खरी कथा पुढे ३८ वर्षांनी, महाराष्ट्रातूनच गेलेल्या माणसांच्या हातून दिल्लीत घडली. परभणी तेव्हा अजून निजामाच्याच राज्यात होती. माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याच्या साक्षीनुसार २० जानेवारी १९४८ रोजी सकाळी हिंदू महासभा भवनामागच्या झाडीत दोन रिव्हॉल्व्हर तपासून पाहण्यात आले. गोपाळ गोडसेच्या रिव्हॉल्व्हरचे चक्र नीट चालेना. शंकर किस्तय्याने झाडलेली गोळी झाडापर्यंत पोहोचलीच नाही, वाटेतच पडली. नंतर मरीना हॉटेलच्या खोलीत गोपाळ गोडसे आपले रिव्हॉल्व्हर दुरुस्त करत बसला. खडकीच्या लष्करी भांडारात नोकरी करणारा हा माणूस. पण भांडारातली नोकरी म्हणजे शस्त्राची कारागिरी नव्हे.

त्या संध्याकाळचा कट शस्त्रामुळे फसला असे काही लेखक सुचवतात. ते सरळ वाटले तरी पुरेसे नाही. मदनलाल पाहवाने स्फोट केला, पण पुढचे काम करायला बडगे धजावला नाही. शस्त्र चालते की नाही, हा प्रश्न तेथवर पोहोचलाच नाही. नादुरुस्त शस्त्रांचा परिणाम नंतर दिसतो. पुढच्या आठवड्यात नथुराम गोडसे आणि नारायण आपटे खात्रीचे शस्त्र शोधत मुंबईहून ग्वाल्हेरपर्यंत गेले. पाहवा पोलिसांच्या ताब्यात होता, मुंबईत मोरारजी देसाईंच्या कानावर प्रा. जगदीशचंद्र जैन यांनी धोक्याची सूचना घातली होती. ती १० दिवसांची मुदत राज्ययंत्रणेच्या हातून निसटली. कपूर आयोगाच्या चौकशीतून जी अस्वस्थता उरते, ती याच दिवसांविषयीची आहे.

ग्वाल्हेरला मिळाले ते वापरलेले बेरेटा, १९३४च्या बनावटीचे, क्रमांक ६०६८२४. या इटालियन पिस्तुलाच्या स्लाइडचा वरचा भाग बराचसा मोकळा असतो. पुंगळीला बाहेर पडायला वाट रुंद, म्हणून अडकण्याचा संभव कमी. ३० जानेवारीला ते अडकले नाही.

बिर्ला भवनाच्या प्रार्थनास्थळी दोन रिकाम्या पुंगळ्या आणि दोन गोळ्या सापडल्या. पुंगळीवर आकड्याची, खुंटीची आणि आघात करणाऱ्या पिनेची खूण उमटते, आणि प्रत्येक पिस्तुलाची खूण वेगळी असते. १९२०च्या दशकात तुलनात्मक सूक्ष्मदर्शक आल्यापासून अशा खुणा न्यायालयात पुरावा म्हणून मांडता येऊ लागल्या होत्या. फिल्लौरच्या प्रयोगशाळेतील तपासणीने या खटल्यातील शस्त्राचा दुवा जुळवला.

गोळ्या तीन आणि पुंगळ्या दोन, या विसंगतीवर पुढे बरेच तर्क रचले गेले. 'चौथी गोळी' आणि दुसरा मारेकरी यांची मागणी घेऊन एक याचिका थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. मार्च २०१८मध्ये ती फेटाळली गेली. पुंगळ्यांची मोजदाद म्हणजे गोळ्यांची मोजदाद असे धरून चालणाऱ्याने एकदा तरी स्वयंभरणी पिस्तूल चालताना पाहावे. पुंगळी पायाशी पडत नाही, चार-सहा हात दूर उडते. आणि त्या संध्याकाळी त्या हिरवळीवर शेकडो माणसे होती, आक्रोश करत पुढे धावणारी.