गंधाच्या रकान्यातले शून्य

मद्याचा पेला हाती धरल्याची कबुली आरोग्यविषयक पाक्षिकात देताना थोडा संकोच वाटतो. परंतु त्या पेल्यामुळेच आमच्या घरातली एक गोष्ट उघडकीस आली, म्हणून लिहिते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलाकडे स्पेनला गेलो होतो. गालिसिया हा त्या देशाचा वायव्य कोपरा, कोकणासारखाच पावसाळी. तिथल्या कांबादोस गावाच्या परिसरात ‘आल्बारिन्यो’ द्राक्षाची पांढरी वाइन करतात. दमट हवेत घडांना बुरशी लागू नये, खालून वारा खेळावा, म्हणून वेली ग्रॅनाइटच्या खांबांवरील उंच मांडवावर चढवलेल्या असतात. त्या सावलीतून चालताना नाशिककडच्या बागा आठवल्या.

चाखण्याच्या दालनात प्रत्येकाला 20 गुणांची पत्रिका मिळाली : रंगाला 3, गंधाला 7, चवीला 10. घोट तोंडात घोळवून थुंकण्यासाठी भांडेही होते. जाणकार तसेच करतात, आणि आम्ही दोघेही रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे, त्यामुळे मला ते भांडे फारच सोयीचे वाटले. पेला हलवून नाकाशी नेला. आधी पिकलेल्या पीचचा गंध, मागून लिंबाच्या सालीचा. जिभेवर शेवटी किंचित खारेपण, समुद्रवाऱ्याचे असावे तसे. मी 15 गुण दिले. आंबटपणा माझ्या जिभेला जरा जास्त झाला.

ह्यांच्या पत्रिकेत गंधापुढे शून्य होते. मला थट्टा वाटली.

“अगं, पाण्याला कधी वास असतो का?” हे शांतपणे म्हणाले.

मग सारे वर्षच डोळ्यांपुढे आले. आमटीत वरून घेतलेले मीठ, “तुझ्या हाताची चव गेली” हे पालुपद, त्यावरचा माझा राग. एकदा दूध करपून घर धुराने भरले, तरी हे शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचतच होते! आपण जिला चव म्हणतो, तिचा मोठा भाग नाकाचा असतो. वयपरत्वे गंधज्ञान इतके हळू मंदावते, की ज्याचे जाते त्यालाही कळत नाही. कधी कारण साध्या सर्दीचे वा नाकातल्या वाढीचे असते. क्वचित ती पार्किन्सन किंवा अल्झायमरची आगाऊ खूणही असते. म्हणून घरचे कोणी जेवणावर रुसू लागले, तर वाद घालण्याआधी त्यांना डोळे मिटून कॉफीची पूड हुंगायला द्या, आणि शंका आली तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या.

पुण्याला परतल्यावर आम्ही तेच केले. सुदैवाने गंभीर काही निघाले नाही. आता गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांचे गंध हे रोज दोन वेळा लक्षपूर्वक हुंगतात. थॉमस हुमेल या जर्मन वैद्याने 2009 मध्ये मांडलेला हा सराव. स्वयंपाकघरात गॅसगळतीची सूचना देणारी घंटा बसवली, कारण सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम दिलेला दुर्गंधही ह्यांच्यापुरता निरुपयोगी ठरला होता. मीठदाणी मात्र मी टेबलावरून उचलली. तिच्या जागी लिंबाची फोड आणि आल्याचा कीस असतो. त्यावरून अजून कुरकुर होते.

मागच्या आठवड्यात डोळे मिटून ह्यांनी एक बाटली ओळखली : लवंग. लिंबू अजून नाही.