हसणारं तोंड

भाचा पुण्याहून सुट्टीला बेळगावला आला तो एक पेटी घेऊन. पाण्यात पोहताना लावतात तसला, पण समोरून बंद असलेला जाड चष्माच म्हणा ना! आत दोन्ही डोळ्यांपुढं जराशी वेगवेगळी चित्रं असतात. मान वळवली की चित्रही वळतं आणि आपण दुसऱ्याच जागी उभे आहोत असं वाटू लागतं. ‘आभासी वास्तव’ असं भारदस्त नाव आहे त्याला.

“मामा, फोनवर कसं वागावं, याचा शाळेतल्या मुलांसाठी धडा करतोय. बघा जरा.”

चष्मा लावला आणि मी आठवीच्या वर्गात उभा राहिलो. सगळी मुलं माझ्याकडं वळली. एकानं माझ्या बोलण्याची नक्कल केली. बाकीची नुसती हसली. ज्याला बोल लागतात त्याच्या जागी आपल्याला उभं करायचं, एवढाच तो धडा. मी मागं सरलो तो कपाटावर आदळलो. चष्मा काढला, पण हसणं कानांतून जाईना.

कारण तसं मीही हसलो होतो. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पुन्हा पेटला, गाड्यांवर दगडफेक झाली. त्या दिवसांत गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी कन्नड बोलणाऱ्यांची टिंगल टाकली. मी एक शब्द लिहिला नाही, खाली फक्त हसणारं तोंड चिकटवलं. शेजारच्या अक्काही त्या ग्रुपवर आहेत, हे ध्यानातच आलं नाही. अक्का काही बोलल्या नाहीत. मात्र दर संक्रांतीला ‘येळ्ळु-बेल्ल’ घेऊन येणाऱ्या अक्का त्या संक्रांतीला आल्या नाहीत, पुढच्याही नाहीत. तीळगूळ देऊन ‘गोड बोला’ म्हणायची रीत दोन्ही भाषांत एकच. मोडली मात्र मी.

भाचा सांगत होता, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. काहींना चष्म्यातून महामानवासारखं उडायला दिलं, काहींना नुसतं हेलिकॉप्टरमध्ये बसवलं. चष्मा काढल्यावर समोरच्या बाईंनी मुद्दाम पेनं सांडली. उडालेली मंडळी उचलायला लवकर धावली.

असेल. पण त्याच आभासी जगात माणसं एकमेकांच्या अंगचटीला येऊ लागली, म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये मेटा कंपनीला तिथल्या बाहुल्यांमध्ये सुमारे चार फुटांचं अंतर राखायची सोय करावी लागली. चष्मा लावला म्हणून माणूस शहाणा होतोच असं नाही. आणि आमच्या व अक्कांच्या गॅलरीत तर चार फूटही नाहीत. ते अंतर मी एका बोटानं वाढवलं होतं.

संध्याकाळी अक्कांचं दार वाजवलं. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, तोंडातून निघालं एवढंच, “अक्का, तप्पु आयतु. चुकलं माझं.”

अक्का क्षणभर उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “बर्री, आत या. चहा ठेवते.” त्या दोन वर्षांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

भाचा विचारत होता, धडा कसा वाटला? म्हटलं, चांगला आहे बाबा. फक्त शेवटी मुलांना एक सांग: चष्मा काढल्यावर शेजारचं दार वाजवायचं.